प्लाझ्मात थर्मामीटर का घालत नाहीत?

प्रश्न: कार्बन डायऑक्साइडचा प्लाझ्मा (म्हणजे विजेच्या जोरानं ज्यातले काही इलेक्ट्रॉन सुटे झालेत असा वायू) लेझरनं तपासतात म्हणे, साधा थर्मामीटर का नाही चालत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अहो, तो आत घातला की प्लाझ्माच बिघडतो! म्हणून साधारण ४.३ मायक्रोमीटरचा इन्फ्रारेड लेझर आरपार सोडायचा, कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला गेला ते बघायचं, त्यावरून रेणू किती अन् किती तापलेत ते कळतं. खरी गंमत पुढंच आहे. सोलापुरात मे महिन्यात ‘आज किती?’ विचारलं की एकच आकडा मिळतो, पण इथं रेणूंच्या कंपनाचं (आतले अणू किती जोरात थरथरतात त्याचं) तापमान हजारो अंश अन् वायू त्यामानानं बराच थंड असं असू शकतं, आणि त्या कंपनाच्याच जोरावर रेणू फोडून कार्बन मोनॉक्साइड काढायचा बेत असतो. हा कार्बन मोनॉक्साइड मग ४.७ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषताना सापडतो.