टेन्शन ‘घेणं’, घबराट ‘होणं’ आणि झोपेची नसलेली गोळी

प्रश्न असा आला आहे: “मला बरेच महिने पॅनिक अटॅक येतात. मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र अँग्झायटीचं निदान करून एस्सिटालोप्राम रोज आणि सुरुवातीला थोडे दिवस क्लोनाझेपाम असं सुचवलं आहे. घ्यावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. आईबाबांशी बोलायचंय, पण ‘टेन्शन’पलीकडे शब्द सापडत नाही. अँग्झायटी आणि पॅनिक अटॅक यांना मराठीत काय म्हणू? आणि या गोळ्यांना झोपेच्या गोळ्या म्हटलं तर चालेल का?”

आधी ‘टेन्शन’ बाजूला ठेवू या. शब्द इंग्रजी आहे म्हणून नव्हे, मराठीने तो कधीच पचवला आहे. अडचण आहे ती त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदाची. टेन्शन आपण घेतो. चिंता करतो, काळजी करतो, नसते विचार करतो. या सगळ्या वाक्यांत कर्ता ‘मी’ असतो, आणि जे मी घेतलं ते मला टाकूनही देता येईल असं ऐकणाऱ्याला आपसूक वाटतं. मग “घेऊ नकोस ना एवढं टेन्शन” हे उत्तर ठरलेलं. आईचं प्रेम कमी पडत नाही. वाक्यच तसं उत्तर मागतं.

आजाराबद्दल बोलताना मराठी वेगळी रचना वापरते. मला ताप येतो, मला चक्कर येते, मला धाप लागते. इथे कर्ता ताप, चक्कर, धाप; माझ्या वाट्याला चतुर्थीतलं ‘मला’. ताप आलेल्या माणसाला कोणी “आणू नकोस ताप” म्हणत नाही. तेव्हा माझी पहिली सूचना शब्दाची नाही, विभक्तीची आहे. “मी खूप टेन्शन घेते” म्हणू नका. “मला एकाएकी घबराट होते, छातीत धडधडतं, दरदरून घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात, आता जीव जातो की काय असं वाटतं” असं सांगा. अशा वाक्यानंतर “डॉक्टरांनी औषध दिलंय” हे ओघानेच येतं.

आता अँग्झायटी. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘दुश्चिंता’ भेटतो. वर्तमानपत्रं ‘चिंता’, ‘अस्वस्थता’ यांवर भागवतात. निदानासाठी मी ‘चिंताविकार’ सुचवेन. ‘विकार’ जोडल्याबरोबर रोजची काळजी आणि आजार वेगळे होतात. पण ‘चिंता’ शब्दाची एक मर्यादा आहे, ती ओळखून असा. तो संस्कृत ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूचा, त्यामुळे सगळा कारभार डोक्यात चालल्यासारखा वाटतो. अँग्झायटीचं मूळ लॅटिनमध्ये आवळणे, गळा दाबणे अशा अर्थाच्या शब्दाशी जातं. म्हणजे तो शब्द मुळात शरीराचा आहे. आणि शरीराच्या बाबतीत मराठी अजिबात गरीब नाही: जीव कासावीस होणे, पोटात गोळा येणे, काळजात धस्स होणे, छाती दडपणे, हातपाय गळणे. निदानाचं नाव ‘चिंताविकार’ ठेवा आणि त्याचं वर्णन या वाक्प्रचारांनी करा.

एक वाक्प्रचार मात्र टाळा: ‘पाचावर धारण बसणे’. धारण म्हणजे धान्याचा भाव, आणि रुपयाला पाचच शेर धान्य मिळण्याइतकी महागाई झाली की लोकांची गाळण उडायची, अशी त्याची उपपत्ती सांगतात. म्हणजे भीतीला बाहेर धडधडीत कारण आहे. तुमच्या बाबतीत गाऱ्हाणंच हे आहे की बाहेर काही नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं.

पॅनिक अटॅकमध्ये खरी मेख ‘अटॅक’ची आहे. “त्यांना अटॅक आला” असं नुसतं म्हटलं तरी मराठी घरात त्याचा अर्थ एकच होतो, हृदयविकाराचा झटका. ‘पॅनिक’ हा शब्द आईच्या कानावरून जाईल आणि ‘अटॅक’ तेवढा काळजात रुतेल. ‘झटका’ घ्यावा तर त्यालाही हृदयविकार आणि फिट दोन्ही चिकटलेले. मला इथे ‘उबळ’ आवडतो. खोकल्याची उबळ न विचारता येते, वाढत जाते, आवरता आवरत नाही, आणि मग आपोआप बसते. पॅनिक अटॅकचं चित्र नेमकं हेच आहे: काही मिनिटांत, साधारण दहाच्या आत, तो टोकाला पोहोचतो आणि नंतर ओसरतो. ‘उबळ’ला ‘लहर’ अशी दुसरी छटा आहे, हे मान्य. पण ‘घबराटीची उबळ’ म्हटल्यावर ती उरत नाही. डॉक्टरांसमोर खुशाल पॅनिक अटॅक म्हणा. घरात घबराटीची उबळ.

लिहिताना जपा: घबराट आणि घाबरट. घबराट ही अवस्था, कोणालाही होणारी. घाबरट हा माणसाच्या स्वभावावर मारलेला शिक्का. घरातली मंडळी नकळत पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरतात. तिथल्या तिथे दुरुस्त करा.

शब्द कोणताही वापरा, छातीत दुखणं, धाप, भोवळ पहिल्यांदाच होत असेल तर आधी हृदय आणि थायरॉइड तपासून घ्यायला हवं. ते झालं असेल तर तसं घरी आवर्जून सांगा, आईची निम्मी धास्ती तिथेच जाईल.

आता गोळ्या. इथे चुकीच्या शब्दाने खरोखर नुकसान होतं, म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्हींना मिळून ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणू नका. मागच्या पिढीच्या डोक्यात मनाची गोळी म्हणजे काम्पोज. ते डायझेपाम. १९६३ साली व्हॅलियम या नावाने ते बाजारात आलं आणि जगभर पसरलं. तुमचं क्लोनाझेपाम त्याच कुळातलं. तासाभरात शांत वाटतं, झोपही येते. पण रोज घेत राहिलं तर शरीराला सवय लागते, तेवढ्याच मात्रेने भागेनासं होतं, आणि दारूबरोबर ते धोक्याचं आहे. म्हणूनच ते थोड्या दिवसांपुरतं देतात. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही.

एस्सिटालोप्राम झोपेची गोळी नाहीच. खूण म्हणून तिला ‘रोजची गोळी’ म्हणा. तिच्यासाठी आपला जुना शब्द अगदी चपखल आहे: गुण येणे. आजच्या गोळीने आजची घबराट जात नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, तगमग थोडी वाढू शकते, म्हणून मात्रा कमीपासून सुरू करतात. हे माहीत नसलं की “चार दिवस घेतली, लागू पडली नाही” म्हणून लोक ती सोडतात. तगमग फारच वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवायचं. पंचविशीच्या आतल्यांनी विशेष. औषध ‘नैराश्यविरोधी’ गटातलं आहे असं वाचून दचकू नका. गटाला नाव पहिल्या उपयोगावरून पडलं. चिंताविकारात आणि घबराटीच्या उबळींत ही औषधं पहिल्या पसंतीची आहेत.

“सवय लागेल का?” हा प्रश्न घरून येणारच, आणि ‘सवय’ या एका शब्दात मराठी दोन गोष्टी कोंबते. मात्रा वाढवत न्यावी लागणं, तल्लफ येणं ही एक. ती एस्सिटालोप्रामची नाही. अचानक बंद केल्यावर चक्कर, चिडचिड, अंगातून झिणझिण्या, झोपमोड होणं ही दुसरी. ती होऊ शकते. म्हणून तिला ‘बंद करणे’ऐवजी ‘कमी करत आणणे’ म्हणा, आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्याने.

घ्यावी की नाही, हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवाल. मला एवढंच वाटतं की “झोपेच्या गोळ्या नकोत” या कारणाने नकार दिलात, तर तो तुम्हाला न दिलेल्या औषधाला दिलेला नकार ठरेल. औषधाखेरीज विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचाराची पद्धतही या विकारात चांगली उपयोगी पडते. एकटी किंवा औषधाच्या जोडीने असं दोन्ही चालतं, त्याबद्दल अवश्य विचारा. फक्त तिला ‘समुपदेशन’ म्हणू नका. त्या शब्दात घरच्यांना ‘उपदेश’ तेवढा ऐकू येतो.

कोणाशी मराठीत आधी बोलून पाहायचं असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. आईबाबांनाही तिथे त्यांच्या शंका विचारता येतील.