पंपावर ३३, घरी ३०: खरं कुणाचं?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, छत्रपती संभाजीनगरला राहते आणि माझी छोटी गाडी स्वतः चालवते. मुलाने हवा मोजायचं डिजिटल गेज आणून दिलंय. परवा दुपारी पंपावर चारही चाकांत ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मोजली तर ३०! दुपारी परत पंपावर गेले, तिथलं मशीन म्हणतं ३३च आहे. गेज परत करावं का? शिवाय मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचंय. शेजारचे सांगतात, उन्हाळ्यात दोन-तीन पॉइंट हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल.

उत्तर : बाई, गेज परत करू नका आणि पंपावरच्या मुलालाही बोल लावू नका. बहुतेक दोघंही खरंच सांगताहेत. एकाने गार टायर मोजला, दुसऱ्याने तापलेला.

टायरमधली हवा पाच-सहा अंशांनी तापली की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी अंगणात उभ्या गाडीच्या टायरमधली हवा पंचवीसेक अंशांची असेल. तीच गाडी दुपारच्या उन्हात पंपापर्यंत नेली की ती हवा चाळिशी सहज ओलांडते. तुमचे तीन पीएसआय तिथेच सापडले. रात्री टायर गार झाला की ते आपोआप उतरतात.

आता यातला कुठला आकडा धरायचा? ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर एक स्टिकर दिसेल. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात आणि ते गार टायरचे असतात. गार म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. तेव्हा तुमचं सकाळचं ३० खरं धरा. स्टिकर ३३ सांगत असेल तर हवा तीनने कमी आहे. टायरच्या अंगावर ‘मॅक्स’ म्हणून जो मोठा आकडा कोरलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवा हवी ते नाही. माझ्या जालन्याच्या दुकानात चांगले शिकलेले लोक तेवढी हवा भरून येतात आणि गाडी फार आदळते म्हणून तक्रार करतात.

पंप लांब असेल तर सोपा हिशोब आहे. सकाळी घरी मोजून प्रत्येक चाकात किती कमी ते कागदावर लिहा. पंपावर गेल्यावर मशीन जो आकडा दाखवेल त्यात तेवढेच वाढवायला सांगा. घरी तीन कमी होती आणि पंपावर ३३ दिसली, तर ३६ भरायची. मुलगा म्हणेल, ‘मॅडम, जास्त होईल.’ होऊ द्या. हवं तर आणखी एखादा पीएसआय वर घ्या आणि दुसऱ्या सकाळी गेजने मोजत, व्हॉल्व्हची पिन दाबून तेवढा सोडा. घरी हवा भरता येत नसली तरी सोडता येते.

गेज लावण्याची पद्धत मात्र नीट हवी. व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात ठेवा (जमिनीवर ठेवलेलं टोपण हमखास गटारात जातं). गेज आधी हवेत चालू करा, शून्य दिसू द्या, मगच व्हॉल्व्हवर सरळ दाबा. काही गेजं चालू होताना जो दाब असेल त्यालाच शून्य धरतात, म्हणून लावून मग बटण दाबायचं नाही. फुस्स आवाज येत राहिला तर तोंड नीट बसलेलं नाही आणि दिसतोय तो आकडा खोटा, बहुधा कमी. दोनदा मोजा, सारखं आलं की पुढचं चाक. कधी अचानक २.२ दिसलं तर घाबरू नका, हात लागून एकक बदललेलं असतं. २.२ बार म्हणजे ३२ पीएसआय. पडदा फिका दिसू लागला की सेल बदला. आणि गेज डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

तरी मनात शंका राहिली तर ओळखीच्या टायरवाल्याकडे जा. एकाच टायरला आधी त्याचं गेज, लगेच तुमचं. तुमचं दर वेळी एकने कमी दाखवत असेल तर तसं पाठीवर मार्करने लिहून ठेवा आणि खुशाल वापरा. दशांश चिन्हापुढच्या आकड्याला मात्र भुलू नका. पडद्यावर ३०.५ उमटलं म्हणजे गेज अर्ध्या पीएसआयपर्यंत अचूक आहे असं नाही.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल मला जरा रागच आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो. प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू वाकते, सरळ होते, परत वाकते, आणि त्यातूनच तो आतून तापतो. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे, खाली तापलेलं सिमेंट, त्यात सलग काही तास. फुटायची भीती अशाच टायरला जास्त. कंपनीचा आकडा ठरवताना चालून वाढणारे चार-पाच पीएसआय धरलेलेच असतात. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर ३७ दिसले तरी हवा सोडू नका. गाडीत पाच माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा पाहा. नायट्रोजनला पैसे देऊ नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

निघण्यापूर्वी टायरचं वयही बघून घ्या. बाजूवर ‘डॉट’ (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर वरून कितीही चांगला दिसला तरी मे महिन्यात समृद्धीवर नेण्याआधी टायरवाल्याला दाखवा.

आणि स्टेपनी! चार चाकं मोजून लोक डिकी बंद करतात. तुमच्याकडे बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुतेक वेळा ६० पीएसआय लागते. आकडा तिच्याच अंगावर छापलेला असतो. पंपावर ६० सांगितलंत की मुलगा तुमच्याकडे बघत राहील, तेव्हा छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून दाखवा.