शाळा सुरू होताना दोन मुलांच्या खरेदीचा खर्च कसा आवरावा?

आपण लिहिले आहे की नाशिकमध्ये आपली मुलगी अनुदानित मराठी शाळेत सातवीत आणि मुलगा खाजगी इंग्रजी शाळेत तिसरीत जाणार आहे, आणि दोघांच्या वह्या-पुस्तकांसाठी व गणवेशासाठी दर जूनमध्ये उसनवारी करावी लागते. पुण्यात आमच्या दोन मुलांच्या शाळेचा हिशेब मीच सांभाळते, त्या अनुभवावरून उत्तर देते. हा खर्च अंगावर येतो तो मुख्यतः सगळी खरेदी एकाच आठवड्यात उरकल्यामुळे. शाळेची यादी हाती पडली की आपण ती तशीच दुकानदारापुढे ठेवतो, आणि मग घरात काय शिल्लक आहे, कोणती वस्तू विनामूल्य मिळणार आहे आणि कोणती आणखी दोन महिने लागणारच नाही, हे पाहायला सवडच उरत नाही.

मुलीपासून सुरुवात करा. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, त्यामुळे सातवीचा संच मे महिन्यात विकत घेण्याचे कारण नाही. घरी अभ्यासाला दुसरी प्रत हवी असेल, तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य उपलब्ध आहेत. मोफत गणवेशाची योजना मात्र शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती असल्याने तो खर्च आपल्याला धरावा लागेल.

मुलाच्या बाबतीत आधी एक गोष्ट तपासा. त्याचा प्रवेश शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागांमधून झाला असेल, तर पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याची तरतूद नियमांत आहे, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांकडे लेखी विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. तसे नसेल, तर खाजगी प्रकाशकांच्या पुस्तकांचा संच हाच आपला सर्वांत मोठा खर्च असणार. या संचात वाचायची पुस्तके आणि लिहून भरायच्या स्वाध्यायपुस्तिका असे दोन प्रकार असतात. पुस्तिका नव्याच घ्याव्या लागतात, पण वाचायची पुस्तके वर्षभराने बहुधा सुस्थितीत असतात. म्हणून निकालाच्या दिवशीच एक इयत्ता पुढे गेलेल्या मुलांच्या पालकांना गाठा, कारण सुट्टी लागली की जो तो गावी जातो आणि मागाहून ती पुस्तके रद्दीत गेल्याचे कळते. जुने पुस्तक घेण्यापूर्वी प्रकाशक व आवृत्ती शाळेच्या यादीशी ताडून पाहा. बालभारतीचा जुना संच कोणी देत असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी, कारण नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2025-26 मध्ये पहिलीपासून पाठ्यपुस्तके बदलू लागली आहेत आणि पुढच्या इयत्तांचा बदल टप्प्याटप्प्याने होत आहे. ठरावीक दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती पालकांवर करू नये, अशा शिक्षण विभागाच्या सूचना आहेत. तेव्हा दुकानदार पूर्ण संचच घ्या म्हणाला, तर सुटी पुस्तके मागावीत, आणि तो ऐकत नसेल तर चार-पाच पालकांनी मिळून शाळेला पत्र द्यावे. एकट्या पालकाला आपल्या मुलाला त्रास होईल की काय अशी धास्ती वाटते, आणि ती मला अगदी समजते, म्हणूनच पत्रावर अनेकांच्या सह्या असाव्यात.

वह्यांत मात्र खरी बचत होते. मे महिन्यात एका दुपारी मुलांना सोबत घेऊन गेल्या वर्षीच्या सगळ्या वह्या बाहेर काढा. आमच्याकडे दोनशे पानी वह्यांत पाठीमागची निम्मी-अर्धी पाने कोरी निघतात. वहीच्या मधल्या पिना उचकटून दुमडीवर कापले की ही पाने सुटी निघतात, आणि एकाच आखणीची पाने जुळवून दाभणाने शिवली, वर जाड पुठ्ठा लावला, की कच्च्या कामाची उत्तम वही तयार होते. नव्या वह्या घेताना किमतीबरोबर मुखपृष्ठावर छापलेली पानांची संख्याही वाचावी, कारण दोनशे पानी म्हणून मिळणाऱ्या वहीत पुष्कळदा 172 च पाने असतात. किमतीला पानांनी भागले, की स्वस्त वाटणारी वही महाग ठरल्याचे लक्षात येते. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर आणि खडू यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे आणि कंपासपेटीवर तो 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, हे ध्यानात ठेवून भाव विचारावा. वह्या डझनाने घेतल्या की भाव उतरतो, आणि इमारतीतल्या चार कुटुंबांनी एकत्र मागणी नोंदवली तर घाऊक दुकानदारही दारात उभे करतो. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून कुटुंबांचे गट करून अशीच सामूहिक खरेदी करत आली आहे, तेव्हा ही रीत आपल्याकडे पारखलेली आहे.

गणवेशाचा एकच जोड शाळा उघडण्यापूर्वी घ्या आणि दुसरा पुढच्या पगारावर ठेवा. शिलाईच्या वेळी फ्रॉक किंवा पँटची दुमड चांगली तीन-चार बोटे ठेवायला शिंप्याला सांगितले, तर पुढच्या जूनमध्ये ती उसवून तोच कपडा वापरता येतो. खांदा मात्र मापाचाच असू द्या, कारण ढगळ सदऱ्यात मूल अवघडते. बुटांची घाई तर मुळीच करू नये. जून-जुलैच्या पावसात नवे बूट भिजून खराब होतात, आणि पावसाळी सँडल घालू द्यायला बऱ्याच शाळांची हरकत नसते. वर्गशिक्षकांना विचारून बूट ऑगस्टअखेर घेतले, तर वाढत्या पायाचे मापही तेव्हाचेच मिळते. दप्तराची चेन बिघडली किंवा पट्टा उसवला, तर तो दुरुस्तीवाल्याकडून थोडक्यात नीट होतो.

इतके करताना मुलांच्या मनाचा विचार सोडू नये. शाळेच्या पहिल्या दिवशी शेजारच्या बाकावर सगळे नवे दिसले की लहान जीव हिरमुसतो. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक मुलाने आपल्या आवडीची एक वस्तू, मग ती कंपासपेटी असो वा पाण्याची बाटली, स्वतः निवडावी अशी मुभा आम्ही ठेवली आहे, आणि बाकीच्या जुन्या वस्तू मुले त्यामुळे आनंदाने वापरतात.

आता राहिला पैशाचा प्रश्न. या वर्षीच्या सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि जुलैत त्यांची बेरीज करा. समजा ती 13,200 रुपये झाली, तर महिना 1,200 रुपयांची अकरा महिन्यांची आवर्ती ठेव बँकेत उघडली की पुढच्या वर्षी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. पुढच्या वर्षीपासून ठेव जूनच्या पहिल्या आठवड्यातच उघडता आली तर ती मेच्या सुरुवातीला हाती येते. तोवर निकाल लागलेला असतो, आणि दुकानांत अजून गर्दी झालेली नसते.