डॉक्टरकी सोडून आकडेमोड?

प्रिय डॉक्टर,

तुमचे पत्र वाचले. बीडीएस झाल्यावर सांगलीत दुसऱ्यांच्या दवाखान्यांत काही वर्षे काम करून तुम्ही जैवसांख्यिकीच्या, म्हणजे आरोग्याच्या अभ्यासांतल्या संख्याशास्त्राच्या, एम.एस्सी.ला प्रवेश घेतलात आणि पहिल्याच सेमिस्टरला संभाव्यता व सांख्यिकीय अनुमानाचा पेपर राहिला. वर्गातली बहुतेक मुले बी.एस्सी. संख्याशास्त्राची, फळ्यावरची सिद्धता त्यांच्या वहीत उतरून होते तेव्हा तुम्ही पहिल्या ओळीतल्या इंटिग्रलशी झगडत असता. पेपर राहिल्याचे घरी सांगितलेले नाही, कारण ज्या वडिलांनी तुमच्या दंतवैद्यकीसाठी कर्ज काढले ते आधीपासूनच म्हणत आहेत, ‘डॉक्टर होऊन ही आकडेमोड कसली करतेस?’ आता हे सोडून परत खुर्चीशी उभे राहावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की आत्ता सोडू नका. मात्र गणिताला बगल देऊन ही पदवी पदरात पडेल, अशी आशाही बाळगू नका.

आधी तुमच्याजवळ काय आहे ते पाहू, कारण पत्रभर तुम्ही काय नाही तेवढेच लिहिले आहे. समजा, एखाद्या अभ्यासात वीस रुग्णांचे प्रत्येकी अठ्ठावीस दात तपासले आणि पाचशे साठ नोंदी जमल्या. गणितात हुशार असलेला, पण कोणाच्या तोंडात कधी न डोकावलेला विद्यार्थी त्या पाचशे साठ नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र मानून चाचणी लावील आणि उत्तर खोट्या खात्रीने बाहेर पडेल. तुम्हाला मात्र सांगावे लागत नाही, की एका तोंडातल्या सगळ्या दातांना लाळ तीच, घासण्याची सवय तीच आणि तंबाखूही तीच. त्यामुळे खरी माहिती पाचशे साठ माणसांइतकी नसून त्याहून पुष्कळ कमी असते. किंवा रूट कॅनॉलनंतर दुखणे थांबले की कॅप बसवायला न फिरकणारे रुग्ण आठवा. एखादी घटना घडायला किती काळ लागतो हे अभ्यासणाऱ्या सर्व्हायव्हल अॅनालिसिसच्या नेहमीच्या पद्धती असे धरून चालतात, की पाठपुराव्यातून गळालेल्यांची जोखीम टिकून राहिलेल्यांसारखीच असते. हे गृहीतक कोठे टिकते आणि कोठे कोसळते, हे सूत्रावरून कळत नाही. रुग्ण का आला नाही, हे ज्याला ठाऊक असते त्याला कळते. या विषयाचा हा अर्धा भाग तुमच्या सहाध्यायांना नोकरीत गेल्यावर शिकावा लागणार आहे.

उरलेला अर्धा भाग तुम्हाला आता शिकायचा आहे, आणि तो पाठांतराने येणार नाही. तुम्ही लिहिता की सूत्रे पाठ होतात पण प्रश्न थोडा फिरवला की काहीच सुचत नाही; वैद्यकीय शिक्षणात पाठांतराने आपल्याला तारलेले असते, म्हणून ही सवय सुटणे कठीण जाते. माझी सूचना अशी की सिद्धता वाचण्याआधी ती गोष्ट घडताना पाहा. नमुन्याचे प्रसरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, काढताना एकूण संख्येऐवजी एकाने कमी संख्येने का भागायचे, हे घ्या. आर ही संगणकप्रणाली मोफत मिळते. तीत ज्याचे प्रसरण माहीत आहे अशा समष्टीतून, म्हणजे संपूर्ण समूहातून, पाच-पाच निरीक्षणांचे हजारो नमुने काढा, प्रत्येकाचे प्रसरण एकदा पाचने आणि एकदा चारने भागून काढा आणि दोन्हींची सरासरी पाहा. पाचने भागलेली सरासरी खऱ्या प्रसरणाच्या ऐंशी टक्क्यांपाशी अडखळते, तर चारने भागलेली बरोबर जागी येते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुस्तकातली सिद्धता उघडा. ती कशासाठी लिहिली आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल. त्याबरोबर बारावीचे कलन आणि मॅट्रिक्स नव्याने सोडवायला घ्या, रोज थोडे, कागदावर, हाताने. वर्गातल्या एखाद्या मुलीशी देवाणघेवाणही ठरवता येईल: तिने तुम्हाला सिद्धता समजावायच्या आणि तुम्ही तिला वैद्यकीय शोधनिबंध वाचायला शिकवायचे.

वडिलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवे, कारण तो रास्त आहे. त्यांना ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची हकिकत सांगा. हिल यांना डॉक्टर व्हायचे होते, पण पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना क्षयाने गाठले आणि तो मार्ग बंद झाला. त्यांनी पत्रद्वारा अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि संख्याशास्त्र पुढे शिकले. ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध अगदी थोडे उपलब्ध होते तेव्हा ते कोणाला द्यायचे, हे त्यांनी बंद पाकिटांतल्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, क्रमावर सोपवले. 1948 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी सहा महिन्यांत 4 दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. औषधाचा गुण निःसंशय दिसला तो या मांडणीमुळे. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीचे द्या. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि शेजारच्या 47 गावांशी सातत्याने तुलना केली, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने 62 टक्क्यांनी घटलेला दिसला. तुलनेची गावे आणि मृत्यूंची काटेकोर मोजणी नसती, तर ही पद्धत इतरत्र न्यावी असे कोणाला कशाच्या आधारे सांगता आले असते? असल्या आकडेमोडीनेही माणसे वाचतात, हे वडिलांना पटायला वेळ लागेल, पण पटेल असे मला वाटते.

पेपर राहिल्याचे मात्र त्यांना या आठवड्यातच सांगा, आणि सांगताना फेरपरीक्षेची तारीख व अभ्यासाची आखणी हातात असू द्या. लपवलेल्या गोष्टीचे ओझे अभ्यासाच्या वेळेतच अधिक जाणवते, हे तुमच्या पत्रातल्या ओळीओळीत दिसते. कर्जाची चिंता त्यांना खरोखरीची आहे. म्हणून दंत परिषदेची नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवा आणि सुट्टीत पूर्वीच्या दवाखान्यात काम मिळत असेल तर जरूर करा.

सोडण्याचा विचार फेरपरीक्षा देऊन रिग्रेशन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते याचे गणित) व सर्व्हायव्हल अॅनालिसिस शिकून झाल्यावर करा, कारण त्याआधी तुम्ही या विषयाचा फक्त पाया पाहिलेला असेल. तोवरही आकड्यांमागे काय दडले आहे याचे कुतूहल वाटले नाही, केवळ दवाखान्याचा कंटाळा म्हणून इकडे आलो असे जाणवले, तर निःशंक मनाने परत जा. तसे नसेल तर प्रबंधासाठी दातांचाच विषय मागा, एका तोंडातल्या अनेक दातांच्या नोंदींचे विश्लेषण कसे करावे हाच घ्या, आणि मार्गदर्शकांना पहिल्या भेटीत सांगा की तुम्ही दंतवैद्य आहात.

तुमची,
ताई