वाचकांचे प्रश्न : डग्लसची तीन आत्मचरित्रं आणि छापलेले सूर

प्रश्न : अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेला लेखक फ्रेडरिक डग्लस याचं आत्मचरित्र वाचलं. गुलामगिरीतून तो पळाला कसा, हेच त्यात नाही. पानं गाळली असावीत का?

उत्तर : पानं गाळलेली नाहीत. डग्लसने आत्मचरित्र तीनदा लिहिलं : १८४५, १८५५ आणि १८८१. तुमच्या हाती पहिलं आलेलं दिसतं. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी चालू होती. वाट छापली असती तर मदत करणारे अडकले असते आणि मागून येणाऱ्यांसाठी ती बंद झाली असती, असं तो त्यातच सांगतो. पळून जायच्या वाटांचा गाजावाजा करणाऱ्यांना तिथे त्याने चांगलंच फटकारलंही आहे. मालकांची नावं मात्र खरी दिली. त्यामुळे पुन्हा पकडलं जाण्याचा धोका वाढला आणि पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच त्याला ब्रिटन गाठावं लागलं. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्याची रीतसर सुटका विकत घेतली.

पलायनाची हकीकत १८८१च्या पुस्तकात सापडेल. ३ सप्टेंबर १८३८ला तो बाल्टिमोरहून निघाला, अंगावर खलाशाचे कपडे आणि खिशात एका स्वतंत्र काळ्या खलाशाचा उसना दाखला, म्हणजे धारक गुलाम नसल्याचा कागद. दाखल्यातलं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. तिकीट-खिडकीवर कागद बारकाईने तपासले जात, म्हणून आधी तिकीट न काढता तो ऐनवेळी सुटत्या गाडीत चढला. कंडक्टरने कागदावरचा अमेरिकेचा सरकारी गरुड पाहिला, तिकिटाचे पैसे घेतले आणि पुढे गेला.

सुरुवात १८४५च्याच पुस्तकाने करावी. ते छोटं आणि धारदार आहे. त्यातली गॅरिसन या गोऱ्या गुलामगिरीविरोधी संपादकाची प्रस्तावना वगळू नका. काळ्या माणसाने स्वतः लिहिलंय यावर विश्वास बसावा म्हणून गोऱ्याची साक्ष जोडावी लागे. शीर्षकपानावर ‘स्वतः लिहिलेले’ असंही छापलं होतं. १८५५चं पुस्तक जाडजूड आहे; घाई असेल तर मागे ठेवा.

प्रश्न : काळे अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस यांच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये प्रकरणांच्या डोक्यावर कवितेखाली स्वरलिपी का दिली आहे?

उत्तर : १९०३च्या या पुस्तकात चौदा प्रकरणं आहेत. कवितेच्या ओळी बहुतेक युरोपीय आणि गोऱ्या अमेरिकी कवींच्या, तर त्यांखालचे सूर गुलामांच्या गाण्यांचे. सुरांखाली ना शब्द, ना नाव. सविस्तर खुलासा होतो तो थेट चौदाव्या प्रकरणात. सोपं करायचं तर चौदावं आधी वाचा, मग पहिलं, तिसरं आणि अकरावं. तिसऱ्यात काळ्यांचा नेता बुकर टी. वॉशिंग्टन याने गोऱ्यांशी केलेल्या तडजोडीवर टीका आहे, अकराव्यात लेखकाच्या पहिल्या मुलाचा मृत्यू. काही स्वस्त पुनर्मुद्रणांत स्वरलिपी उडवलेली असते. घेण्याआधी एखादं प्रकरण उघडून पाहाच.

प्रश्न : गुलामगिरी १८६५मध्ये संपली, तर पुढच्या पुस्तकांत सक्तीची मजुरी कुठून येते?

उत्तर : गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीतूनच. तीत गुन्ह्याची शिक्षा हा अपवाद ठेवला आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी भटकंतीसारख्या कारणांवरून माणसं पकडली आणि कैदी खाणी-मळ्यांना भाड्याने दिले.