खानखोजे परागंदा झाले की हद्दपार?

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आहे. शाळेच्या भिंतीवर क्रांतिकारक आणि शेतीशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांची माहिती रंगवायची आहे. तिथे ‘इंग्रजांनी हद्दपार केलेले’ लिहावं की ‘परांगदा झालेले’? आणि ‘परांगदा’ की ‘परागंदा’?

आधी सोपं. लिहिताना ‘परागंदा’. शब्द फारसी, मूळ अर्थ विखुरलेला, पांगलेला. अनुस्वार ‘ग’वरचा, बोलताना तो एक घर मागे सरकला. आमच्याकडे तर सर्रास ‘परांगदा’च. आजीच्या तोंडी नेहमीचं वाक्य, “कापूस येचाले आला अन् हा पोट्टा कुठी परांगदा झाला?” दावं तोडून पळालेला गोऱ्हाही तिच्या लेखी परांगदाच. म्हणजे मूळचं ‘पांगणं’ मराठीत ‘नाहीसं होणं’ झालंय.

आता खरा मुद्दा, आणि तो क्रियापदात आहे. हद्दपार ‘करतात’, परागंदा ‘होतात’. हद्दपारीला हुकूम लागतो, हुकूम काढणारा लागतो. तडीपारही त्याच घरातला, फक्त ठरावीक भागापुरता. १९५१च्या पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षं. टिळकांना १९०८ साली शिक्षा ठोठावून मंडालेला पाठवलं, तिथे हद्दपार म्हणा, चालेल.

वर्ध्याचे खानखोजे मात्र आपल्या पायांनी गेले. आधी जपान, मग अमेरिका, तिथे इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. म्हणजे ‘परागंदा’ जिथून आला तिथेच हा माणूस परागंदा होऊन पोचला! (हा योगायोग मला भारी आवडतो.) पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्र शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. जायचा हुकूम कुणी काढला नव्हता. परतायची वाट मात्र इंग्रज असेपर्यंत बंद होती. स्वातंत्र्यानंतर आले, १९६७ साली नागपुरात वारले.

‘विजनवास’ कुणी सुचवेल, तो नको. त्यात एकांत आहे, आणि मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषिशाळेत वर्गभर पोरं होती.

तेव्हा गुरुजी, ‘इंग्रजी राजवटीमुळे परागंदा झालेले’ असं लिहा. पेंटरनं आधीच ‘परांगदा’ रंगवून ठेवलं असेल, तर तेवढ्यासाठी चुना कालवू नका. गावात वाचणारे तसंच म्हणतात.