रोगकारक जिवाणू शरीराची हानी नेमकी कशी करतात?

जिवाणू शरीरात शिरून आपल्या पेशी खातात का, आणि कोपरखैरण्यात राहणाऱ्या आपल्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा सुरुवातीला अंग नुसते कोमट असताना आठवड्याने ताप एवढा का चढला, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत कल्चरचे, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याचे, काम बघते, म्हणून रोज हाताखालून जाते त्याच्याच आधारे उत्तर देते. जिवाणूला हवे असते अन्न, लोह आणि वाढायला जागा. आपण ज्याला आजार म्हणतो तो बहुतेक वेळा त्याने सोडलेल्या विषाचा, नाहीतर त्याला हुसकावण्यासाठी आपल्याच शरीराने केलेल्या खटाटोपाचा परिणाम असतो.

विषाचे काम प्लेटवर चक्क दिसते. मेंढीचे रक्त मिसळलेल्या आगरची (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या पदार्थाची) प्लेट गडद लाल असते. गळवातला पू तिच्यावर रेघाटून रात्रभर 37 अंशांवर ठेवला, की सकाळी स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या गोल, लोण्यासारख्या, किंचित सोनेरी वसाहती उगवलेल्या असतात आणि प्रत्येकीभोवती लाल रंग जाऊन फिकट, आरपार दिसणारे वलय पडलेले असते. वसाहत जिथे पोहोचलेलीच नाही तिथल्याही तांबड्या पेशी फुटलेल्या असतात, कारण जिवाणूने बाहेर सोडलेली प्रथिने आगरमधून पसरून त्यांचे आवरण फोडतात. याच जिवाणूचा कण सशाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) घालून काही तास ठेवला तर प्लाझ्मा दह्यासारखा थिजतो आणि नळी तिरकी केली तरी ओघळत नाही. शरीरात हाच थिजलेला थर जिवाणूभोवती तटबंदीसारखा उभा राहतो आणि पांढऱ्या पेशींना त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

कॉलऱ्याचा जिवाणू याहून बेरकी आहे. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात त्याला वेगळे ओळखले, पण तो माणसाला मारतो कसा हे उमगायला आणखी पाऊण शतक गेले. 1959 मध्ये त्याच शहरातले संशोधक शंभुनाथ दे यांनी जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला आणि आतडे पाण्याने फुगले. म्हणजे कर्ता जिवाणूचे विष होते. हे विष आतड्याच्या पेशीत शिरून तिचा क्षार बाहेर टाकण्याचा मार्ग उघडाच ठेवते, क्षारामागोमाग पाणी जाते आणि काही तासांत माणूस सुकतो. जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरतही नाही, भिंत शाबूत राहते. साखरेबरोबर मीठ आत ओढण्याची पेशीची दुसरी वाट हे विष अडवत नाही, म्हणूनच साखर-मिठाच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने, रुग्ण वाचतो.

आता आपल्या मुलाच्या आजाराकडे वळते. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेला टायफी पोटात जातो, जठरातल्या आम्लातून जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचतात आणि तिथल्या लसिका ग्रंथींच्या पुंजक्यांवरील विशिष्ट पेशींमधून पलीकडे उतरतात. पलीकडे भक्षकपेशी टपलेल्या असतात. त्या जिवाणूला गिळतात, पण गिळलेल्याला पचवणारी यंत्रणाच तो निकामी करतो आणि त्यांच्याच पोटात बसून यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेपर्यंत प्रवास करतो. (चोराला पकडून नेणाऱ्या शिपायाच्याच घरी चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार.) शिवाय त्याच्या अंगावर व्हीआय नावाचे आवरण असते, ज्याच्या आड त्याच्या भिंतीतला, शरीराला सर्वाधिक चिथावणारा घटक झाकला जातो. त्यामुळे पहिले एकदोन आठवडे शरीराला पुरता सुगावा लागत नाही, आणि ताप येतो तोही पायरीपायरीने. सुगावा लागला की भक्षकपेशी जे रासायनिक निरोप सोडतात त्यांमुळे मेंदूतले तापमान-केंद्र आपली पातळी वर नेते. पॅरासिटामॉल नेमका हा निरोप बोथट करते, जिवाणूला मात्र हातही लावत नाही. उपचार लांबले तर आतड्यातले ते पुंजके सुजून सडतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकते. या भोकामागेही जिवाणूइतकीच आपली स्वतःची दाहक्रिया असते.

क्षयात तर हे टोकाला जाते. क्षयाचा जिवाणू कॉलऱ्यासारखे जहाल विष ओतत नाही. फुफ्फुसातली पोकळी मुख्यतः आपल्याच पेशींनी त्याला कोंडण्याच्या झटापटीत पाडलेली असते.

व्हीआय आवरणाचा उपयोग आपल्यालाही होतो. टायफॉइडच्या नव्या लशीत हेच आवरण प्रथिनाला जोडून दिले जाते, आणि नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना ती सार्वजनिक मोहिमेत देण्यास सुरुवात केली. आपल्या मुलाचे वय त्यात बसत होते का, हे त्याच्या लसीकरण पुस्तिकेत पाहावे.

एक गोष्ट मात्र कामाच्या अनुभवावरून आग्रहाने सांगते. केवळ एकदा केलेल्या विडाल चाचणीवर (रक्तातली टायफॉइडविरोधी प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीवर) टायफॉइडचा शिक्का मारून घेऊ नये, कारण जुन्या संसर्गाने किंवा दुसऱ्याच तापानेही ती पॉझिटिव्ह येते. पुन्हा तसा ताप आला तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी रक्ताचे कल्चर लावून घ्यावे आणि बाटलीत पुरेसे रक्त द्यावे. टायफॉइडचे जिवाणू बहुतेक पेशींच्या आत दडलेले असल्याने 103 ताप असलेल्या रुग्णाच्याही एक मिलीलिटर रक्तात अनेकदा एखादाच सापडतो, आणि दोन गोळ्या पोटात गेल्या की तोही सापडत नाही.